पार्श्वभूमी : रुग्णालयातला संसर्ग आणि कचऱ्याच्या दाराने आलेला कायदा

रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचा विषय आपल्या सरकारी धोरणात शिरला तो कचऱ्याच्या दाराने. तपासणीला आलेला अधिकारी वॉर्डात पाऊल टाकताच आधी कचऱ्याची पिवळी-लाल पिशवी शोधतो. बेसिनपाशी साबण आहे का, नळाला पाणी आहे का, हे क्वचितच विचारतो. त्याचे मूळ तिथे आहे.

त्याआधीचे कायदे रुग्णालयाच्या आत फारसे डोकावलेच नाहीत. १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईचे रस्ते कार्बोलिकने धुतले गेले, घरांना चुना फासला गेला, १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पण त्याचा रोख माणसे वेगळी काढण्यावर आणि प्रवासी तपासण्यावर होता. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याने खाजगी रुग्णालयांची नोंदणी, जागा आणि पात्र कर्मचारी एवढे पाहिले. वॉर्डातली शिस्त मेट्रनच्या धाकावर आणि सिस्टरच्या सवयीवर चालायची.

आणि ती शिस्त कडक होती. नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत वॉर्डाची सकाळ उकळत्या पाण्याने उजाडायची. काचेच्या सिरिंज, सुया, किडनी ट्रे उकळायचे. वापरलेले रबरी हातमोजे धुवायचे, फुंकर मारून फुगवायचे, गालाजवळ धरून कुठे हवा सुटते का बघायचे, वाळवायचे, आतून पावडर लावून ड्रममध्ये भरायचे. हे मी स्वतः केले आहे. १९८६ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले आणि त्या मोज्यांकडे, त्या सुयांकडे बघण्याची सगळ्यांची नजर बदलली. १९८९ पासून रक्ताची एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. १९९६ च्या न्यायालयीन निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. धोरणाने थेट जीव वाचवले असे ठामपणे म्हणता येईल, असे हे दोन निर्णय.

भीतीपोटी डिस्पोजेबल वस्तू आल्या आणि कचरा एकदम वाढला. वापरलेल्या सिरिंज, सलाईनच्या बाटल्या, नळ्या महापालिकेच्या कचरापेटीत दिसू लागल्या. दिल्लीच्या घाणीवरून गेलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९६ मध्ये पन्नास आणि त्याहून जास्त खाटांच्या रुग्णालयांना इन्सिनरेटर (कचरा जाळण्याची भट्टी) किंवा तितकाच परिणामकारक पर्याय बसवायला सांगितले. त्यानंतर २० जुलै १९९८ रोजी जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले, तेही १९८६ च्या पर्यावरण कायद्याखाली. म्हणजे नियम पर्यावरण खात्याचा, तपासणी प्रदूषण मंडळाची आणि काम वॉर्डातल्या मावशीचे. आरोग्य खाते या साखळीत होते, पण कडेला.

१९९८ च्या नियमांत कचऱ्याचे दहा प्रकार होते आणि रंग एकमेकांत गुंतलेले. प्रयोगशाळेतला कचरा पिवळ्या पिशवीतही चालायचा आणि लाल पिशवीतही. पुढे तो जाळणार की ऑटोक्लेव्ह करणार, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवणार, यावर ते ठरायचे. रात्रपाळीच्या मावशीने हे कसे ठरवायचे?

पण रंगांपेक्षा मोठा घोळ एका शब्दाने घातला : निर्जंतुकीकरण. मराठी परिपत्रकात, वॉर्डातल्या पाटीवर, वर्तमानपत्रात हा एकच शब्द तीन निरनिराळ्या कामांसाठी वापरला जातो. पहिले काम ऑटोक्लेव्हचे, म्हणजे स्टरिलायझेशन. १२१ अंश तापमान, चौरस इंचाला १५ पौंड दाब आणि ठरलेला वेळ, म्हणजे बीजाणूंसह (काही जंतूंचे कठीण कवचातले, चिवट रूप) सगळे मरते. दुसरे काम हायपोचे (सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचे), म्हणजे डिसइन्फेक्शन. यात बहुतेक जंतू मरतात, बीजाणू उरू शकतात, आणि वस्तूवर रक्त वाळलेले असेल तर औषध खालपर्यंत पोचतच नाही. तिसरे काम धुराचे, ओटीचे (शस्त्रक्रियागृहाचे) फ्युमिगेशन. फॉर्मेलिनमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकायचे, दारांच्या फटींना चिकटपट्टी लावायची, रात्रभर खोली बंद ठेवायची आणि सकाळी डोळे चोळत आत जायचे. पहिले काम वस्तू शरीराच्या आत घालण्यालायक करते, दुसरे फरशीसाठी पुरेसे आहे, आणि तिसऱ्याने मुख्यतः समाधान मिळते. टेबल, दिवा, भिंत हाताने पुसल्याशिवाय धूर सोडून ओटी स्वच्छ होत नाही. शिवाय फॉर्मेलिनमधले फॉर्माल्डिहाइड २००४ पासून माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. तरी ‘ओटीचे निर्जंतुकीकरण केले’ अशी रजिस्टरमधली नोंद दाखवली की तपासणारा पान उलटतो.

हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. कात्री हायपोत बुडवली आणि ‘निर्जंतुक केली’ असे लिहिले, तर लिहिणारीही खोटे बोलत नाही आणि वाचणाराही फसवला जात नाही. मधल्यामध्ये रुग्णाला जंतू मिळतात. पाकिटावर लावायच्या ऑटोक्लेव्हच्या टेपचेही तसेच. पट्टी काळी झाली म्हणजे पाकीट तापले एवढेच कळते. बीजाणू मेले की नाही हे सांगणारी चाचणी वेगळी असते आणि लहान रुग्णालयांत ती फार कमी वेळा दिसते.

त्यात हायपोच्या आकड्याने भर घातली. १९९८ च्या नियमांत १ टक्का द्रावण होते. २८ मार्च २०१६ च्या नव्या नियमांनी पुष्कळ गोष्टी सुधारल्या : दहा प्रकारांचे चार रंग झाले, बारकोड आला, प्रयोगशाळेचा कचरा आणि रक्ताच्या पिशव्या जागेवरच प्रक्रिया करून पाठवणे बंधनकारक झाले, कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस सक्तीची झाली. मात्र रासायनिक प्रक्रियेसाठी ‘किमान १० टक्के’ हायपो असे छापले गेले. बाजारातला कॅनच ५ किंवा १० टक्क्यांचा. म्हणजे पाणी न घालता ओतायचे? काही ठिकाणी तसेच ओतले गेले. डोळे झोंबायचे, मावश्यांच्या बोटांची साले निघायची, ट्रॉलीला गंज चढायचा. दोन वर्षांनी, २०१८ च्या दुरुस्तीत, तो आकडा १ ते २ टक्के झाला. दरम्यान छापलेले तक्ते भिंतींवर तसेच राहिले. १० टक्क्यांच्या एका मापात नऊ मापे पाणी, ५ टक्क्यांच्या एका मापात चार मापे पाणी, हे साधे गणित राजपत्रात कुठे नव्हते. ते सिस्टरांनी एकमेकींना शिकवले.

सुईच्या बाबतीत धोरणाचे दोन चेहरे एकाच वेळी दिसतात. २००५ पासून लसीकरणात एकदा वापरली की आपोआप अडकणारी सिरिंज आली आणि तिथला पुनर्वापर जवळपास संपला. पण ती सोय लसीपुरतीच होती. २००९ च्या सुरुवातीला गुजरातमधल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीचा उद्रेक झाला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. दवाखान्यांत पुन्हा वापरलेल्या सिरिंजकडे बोट दाखवले गेले आणि वापरलेल्या सिरिंजचे साठे गोदामांत सापडले. कचऱ्याचा कायदा तेव्हा दहा वर्षांहून जुना होता.

आरोग्य खाते खऱ्या अर्थाने मैदानात उतरले ते २०१५ च्या कायाकल्प योजनेने. सरकारी रुग्णालयांना स्वच्छतेसाठी गुण, ७० टक्क्यांच्या पुढे बक्षीस, आणि संसर्ग नियंत्रणाला स्वतंत्र विभाग. या योजनेवर टीका पुष्कळ झाली, तपासणीपुरती रंगरंगोटी होते वगैरे. ती काही अंशी खरीही आहे. पण हात धुण्याच्या पायऱ्या भिंतीवर लागल्या आणि त्या करून दाखवायला सांगितल्या गेल्या, हे मी पाहिले आहे. हात धुणे मोजले जाऊ शकते, हे तिथे मान्य झाले. २०१७ च्या प्रतिजैविक-रोधाविषयीच्या (जंतू प्रतिजैविकांना दाद देत नाहीत त्याविषयीच्या) राष्ट्रीय आराखड्यात संसर्ग प्रतिबंधाला स्थान मिळाले आणि जानेवारी २०२० मध्ये संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शिका निघाली.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला केरळमध्ये कोविडचा पहिला रुग्ण सापडला. मग तोच शब्द रस्त्यावर आला. ‘निर्जंतुकीकरण’ म्हणून रस्ते, झाडे, गाड्या आणि उत्तर प्रदेशातल्या बरेलीत तर गावी परतणाऱ्या मजुरांच्या अंगावर हायपो फवारले गेले. एप्रिल २०२० मध्ये केंद्राला माणसांवर फवारणी करू नका असे लेखी सांगावे लागले. वॉर्डात मात्र त्याच काळात हातमोजे न बदलता एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाणे वाढले होते. मोज्यांमुळे आपण सुरक्षित आहोत असे वाटायचे. शेजारच्या रुग्णाचे काय, हा विचार मागे पडायचा.

महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट (रुग्णालये-दवाखान्यांच्या नोंदणीचा) कायदा स्वीकारलेला नाही. इथे १९४९ चाच कायदा २०२१ च्या सुधारित नियमांसह चालतो, आणि रुग्णहक्कांच्या सनदेमुळे ते नियम महत्त्वाचेही आहेत. पण दहा-पंधरा खाटांच्या रुग्णालयाची फाइल उघडली, तर संसर्गाबद्दल हमखास सापडणारे कागद दोनच : प्रदूषण मंडळाचे अधिकारपत्र आणि कचरा उचलणाऱ्या सामाईक केंद्राची पावती. हातासाठीचे सॅनिटायझर महिन्याला किती संपले, याचा कागद त्यात नसतो. तो ठेवायला खर्च काहीच नाही. स्टोअरच्या रजिस्टरमधून आकडा निघतो. जगभर त्यासाठी धरले जाणारे ढोबळ माप १,००० रुग्ण-दिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल, म्हणजे एक रुग्ण-दिवस) २० लिटर असे आहे. वीस खाटा रोज भरलेल्या असतील तर महिन्याला बारा लिटर.