गोड तिखट : चिकन पाप्रिकाशच्या पातेल्यामागचा इतिहास

मिरचीच्या पुडीला आपण मराठीत सरळ ‘तिखट’ म्हणतो. वस्तूही तीच, गुणही तोच, शब्द एकच. त्यामुळे हंगेरीत लाल पुडीच्या पाकिटावर ‘एदेश’, म्हणजे ‘गोड’, असं छापलेलं असतं हे सांगताना पंचाईत होते. गोड तिखट कसं असेल? पण हंगेरीचं चिकन पाप्रिकाश, म्हणजे सायीच्या दाटसर रश्शातली ती गुलाबी-केशरी कोंबडी, याच गोड तिखटावर उभं आहे. साय नंतर येते. आधी मिरचीतला जाळ काढावा लागला, आणि त्याला तीनेकशे वर्षं गेली.

पदार्थ करायला साधा आहे. डुकराच्या चरबीत भरपूर कांदा बारीक चिरून मंद आचेवर मऊ होईपर्यंत परतायचा. पातेलं खाली उतरवायचं, मग त्यात पाप्रिका, म्हणजे ती गोड लाल पूड, घालायची आणि लगेच थोडं पाणी. उतरवायचं अशासाठी की या पुडीत साखर बरीच असते, कडक चरबीत ती क्षणात करपते आणि कडू होते. पण चरबीशिवायही चालत नाही, कारण मिरचीचा लाल रंग पाण्यात नाही, स्निग्धातच उतरतो. मग हाडासकट कोंबडीचे तुकडे, मीठ, असेल तर एखादा टोमॅटो आणि ढोबळी मिरची, वर झाकण. कोंबडी स्वतःच्या रसात शिजते. शेवटी आंबट सायीत चमचाभर मैदा कालवून तो रश्शाला लावायचा. सोबत नोकेद्ली, म्हणजे अंडं आणि मैद्याचं सैल पीठ भोकं असलेल्या पत्र्यातून उकळत्या पाण्यात बुंदीसारखं पाडून केलेले गोळे. आणि तोंडाला चव म्हणून काकडीची व्हिनेगरमधली कोशिंबीर.

यातली मिरची अमेरिकेतून आली, हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. १४९३ मध्ये कोलंबसाबरोबर ती स्पेनला पोचली. पुढचा गोंधळ मात्र मजेचा आहे. पोर्तुगीजांनी ती मलबार आणि गोव्याच्या किनाऱ्यावर आणली आणि इथे ती इतक्या झपाट्याने पसरली की युरोपातल्या शहाण्यासुरत्या लोकांना ती हिंदुस्थानचीच वाटू लागली. लेओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १५४२ च्या आपल्या ग्रंथात मिरचीचं चित्र दिलं आणि तिला ‘कालिकतची मिरी’ म्हटलं.

हंगेरीला ती तुर्कांच्या वाटेने गेली. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा मारला गेला, १५४१ मध्ये बुडा शहर तुर्कांच्या हाती गेलं आणि १६८६ पर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. म्हणून मिरचीचं तिथलं जुनं नाव ‘त्योर्योक बोर्श’, तुर्की मिरी. ‘पाप्रिका’ हा शब्द नंतर शेजारच्या दक्षिण स्लाव भाषांतून आला. त्यांच्या ‘पापर’ म्हणजे मिरी या शब्दाचं ते लाडकं रूप. ‘पापर’ लॅटिन ‘पिपर’वरून, ते ग्रीकवरून, आणि ग्रीकांनी तो शब्द उचलला आपल्या ‘पिप्पली’वरून. सुंठ, मिरी, पिंपळी या त्रिकटूतली तीच पिंपळी. झाड मेक्सिकोकडचं, वाट तुर्कांची, हाक स्लावांची आणि नावाचं मूळ आजीच्या औषधाच्या बटव्यात. एवढं फिरलेला दुसरा मसाला मला तरी माहीत नाही.

सुरुवातीला सरदारांच्या बागांत ती शोभेचं झाड म्हणून होती. खायला सुरुवात केली ती गरिबांनी. काळी मिरी त्यांना परवडत नव्हती, आणि ही परसात उगवत होती. मोठ्या मैदानावर गुरं राखणारे लोक तिवईला टांगलेल्या लोखंडी हंड्यात, बोग्राचमध्ये, मांस शिजवत आणि त्यात मिरची घालत. ‘गुयाश’ या शब्दाचा मूळ अर्थच गुराखी. १८०६ मध्ये नेपोलियनने इंग्लंडच्या व्यापाराची कोंडी केली आणि युरोपात परदेशी मसाल्यांची टंचाई झाली, तेव्हा वरच्या घरांतल्या स्वयंपाकघरांनाही या गावठी पुडीची आठवण झाली. शिवाय तो काळ हंगेरीवर राज्य करणाऱ्या व्हिएन्नाच्या दरबाराशी फटकून ‘आम्ही हंगेरियन’ म्हणण्याचा होता. गुराख्याचं जेवण एकाएकी अभिमानाची गोष्ट झालं. असं आपल्याकडे झुणका-भाकरीचंही झालेलं आहे, ज्यांनी रोज खाल्ली त्यांना न विचारता.

पण ही पूड अजून तिखटच होती. मिरचीचा जाळ बियांत असतो असा आपला समज आहे. तो खरं तर बिया ज्या पांढरट शिरांना चिकटलेल्या असतात त्या शिरांत असतो, बियांना नुसता लागतो. सेगेद शहराच्या आसपास शेतकऱ्यांच्या बायका वाळलेल्या मिरच्या एकेक करून चिरत आणि शिरा काढत. हाताची काय आग होत असेल ते ठेचा केलेल्या कोणालाही सांगायला नको. १८५९ मध्ये सेगेदच्याच पाल्फी बंधूंनी शिरा आणि बिया वेगळ्या काढून, नेमक्या प्रमाणात पुन्हा मिसळून दळण्याची रीत बसवली. त्यामुळे एकाच मिरचीतून सौम्य, मध्यम, जहाल अशा प्रती पाडता येऊ लागल्या. एदेशनेमेश, फेलेदेश, एर्योश ही पाकिटावरची नावं त्या प्रतवारीतूनच आलेली. पुढे १९२० च्या दशकात कालोचा गावच्या संशोधन केंद्रात मुळातच न झोंबणारी जात तयार झाली आणि शिरा काढण्याचं कामच संपलं.

माझ्या मते पाप्रिकाशच्या इतिहासातली खरी उडी ही आहे. किलोभर कोंबडीला तीन मोठे चमचे लवंगी मिरचीची पूड घालून बघा, म्हणजे कळेल. गोड पाप्रिका मात्र तेवढी घालता येते, आणि तेवढी घातली की ती नुसता रंग देत नाही. रश्शाला अंग येतं, भाजलेल्या ढोबळ्या मिरचीसारखा गोडवा येतो. चिमूटभर पाप्रिका वरून भुरभुरवलेल्या चिकनला पाप्रिकाश म्हणणं म्हणजे हळद लावलेल्या भाताला बिर्याणी म्हणण्यासारखं आहे.

१८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ या इंग्रजी कादंबरीत पहिल्याच पानांवर हा पदार्थ भेटतो. जोनाथन हार्कर तेव्हा हंगेरीत असलेल्या ट्रान्सिल्व्हेनियाच्या वाटेवर एका हॉटेलात लाल मिरचीतली कोंबडी खातो, होणाऱ्या बायकोसाठी, मीनासाठी, कृती मागून घ्यायची असं रोजनिशीत टिपतो आणि रात्री तांब्याभर पाणी पिऊनही त्याची तहान भागत नाही. यावरून तेव्हाची पाप्रिका बरीच जहाल होती असं म्हणायचा मोह होतो. पण लेखक ब्रॅम स्टोकर स्वतः त्या मुलखात कधी गेलाच नव्हता, तेव्हा ही साक्ष बेताचीच धरावी. एवढं मात्र ठरतं की लंडनच्या वाचकाला हंगेरियन जेवण म्हणून दाखवायचं तर हाच पदार्थ सुचावा इतका तो गाजलेला होता.

सेगेदची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हे शास्त्रज्ञ तिथल्या विद्यापीठात होते आणि क जीवनसत्त्वासाठी पुरेसा कच्चा माल त्यांना मिळत नव्हता. एका संध्याकाळी बायकोने जेवणात ताजी पाप्रिका वाढली. त्यांना ती खायची नव्हती. तसं सांगण्याऐवजी ती तपासायची आहे म्हणून ते प्रयोगशाळेत घेऊन गेले, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. मध्यरात्रीपर्यंत कळलं की त्या मिरचीत क जीवनसत्त्व ठासून भरलेलं आहे. काही आठवड्यांत त्यांनी किलोच्या मापात ते वेगळं काढलं. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं.

आणि वाईट गोष्टही. १९९४ मध्ये हंगेरीत पाप्रिकेच्या पुडीत रंगासाठी शिशाचा लाल ऑक्साइड, म्हणजे शेंदूर, मिसळलेला सापडला. लोक आजारी पडले, सरकारला विक्री थांबवावी लागली. लाल रंगावर भाव ठरला की भेसळ त्या रंगाचीच होते, मग बाजार कुठलाही असो.

आता साय. हंगेरियन माणूस याबाबत काटेकोर असतो. कांदा, चरबी, पाप्रिका आणि मांस एवढ्यावर थांबलं तर ते प्योर्क्योल्त. आंबट साय लावली की पाप्रिकाश. पातळ रस्सा ठेवला तर गुयाश, आणि बाहेरचं जग ज्याला ‘गुलाश’ म्हणतं ते बहुतेक वेळा प्योर्क्योल्तच असतं. सायीला ते ‘तेइफ्योल’ म्हणतात, शब्दशः दुधावरचा थर. आपण लोण्यासाठी आठवडाभराची साय विरजण लावून ठेवतो, ती जवळजवळ तीच वस्तू. पिशवीतलं गोड क्रीम तिच्या जागी घातलं तर रस्सा मिळमिळीत लागतो, कारण पाप्रिकेच्या गोडव्याला आंबटपणाचीच जोड लागते.

सायीत मैदा का कालवायचा, हे कढी करणाऱ्याला सांगावं लागत नाही. ताक तापवलं की फुटतं, म्हणून आपण त्याला डाळीचं पीठ लावतो. पिठातला स्टार्च दुधातल्या प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. हंगेरियन स्वयंपाकात या कालवणीला हाबाराश म्हणतात. आधी पळीभर गरम रस्सा सायीत घालून तिला कोमट करायचं, मग ती पातेल्यात ओतायची आणि नंतर फार उकळायचं नाही.

हंगेरीतल्या कोशर, म्हणजे धर्माचे खाण्याचे नियम, पाळणाऱ्या ज्यू घरांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. तिथे हीच कोंबडी डुकराऐवजी हंसाच्या चरबीत आणि सायीशिवाय होत आली. चवीने खाणारे सांगतात की तीही काही कमी नसते. १९५६ चा सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धचा उठाव चिरडला गेल्यावर दोन लाखांच्या आसपास हंगेरियन देश सोडून गेले आणि त्यांच्याबरोबर हा पदार्थही दूर गेला. अमेरिकेत ओहायोच्या क्लीव्हलंडमध्ये तर हंगेरियन वस्ती त्याच्या कितीतरी आधीपासून होती. तिथे पाप्रिकाश आता परका राहिलेला नाही.

आपल्याकडे या पुडीच्या सर्वांत जवळ जाते ती ब्याडगी. रंग भडक, जाळ बेताचा. मी देठ आणि बिया काढून, जमतील तेवढ्या शिरा खरवडून ती दळते, आणि चरबीऐवजी तूप घेते. तरी हंगेरियन पाहुण्याला झोंबेलच. साय मात्र घरचीच लागते, वाटीभर, चांगली आंबटलेली. त्या आठवड्यात लोणी निघत नाही.