कोलाजेनची इंजेक्शनं: परिणाम उशिरा, गाठीही उशिरा

पुढच्या आठवड्यात हळद आहे म्हणून दादर-पार्ल्याच्या एखाद्या क्लिनिकमध्ये कोलाजेन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, वाढवणारं इंजेक्शन घेतलं, तर निराशा ठरलेली. पहिल्या दिवशी गाल भरलेले दिसतात ते औषधासोबत गेलेल्या पाण्यामुळे. दोन-चार दिवसांत ते ओसरतं आणि पैसे पाण्यात गेले असं वाटू लागतं. खरं काम तेव्हा नुकतं कुठे सुरू झालेलं असतं.

हायल्युरोनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे त्वचेखाली भरायचं जेल, स्वतःच जागा भरतं. कोलाजेन वाढवणाऱ्या या इंजेक्शनातल्या पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडचं तसं नाही. विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यांच्या कुळातला हा पदार्थ. त्याचे सूक्ष्म कण शरीराला परके वाटतात, त्यांच्याभोवती संरक्षक पेशी जमतात आणि त्या हालचालीतून फायब्रोब्लास्ट पेशी नवं कोलाजेन तयार करू लागतात. कण हळूहळू विरघळतात, कोलाजेन मागे राहतं. फरक दिसायला आठवडे, कधी महिने जातात. तो सुमारे दोन वर्षं टिकू शकतो.

म्हणजे इथे औषध खरं तर शरीराची प्रतिक्रियाच आहे, आणि धोकाही तिच्यातच. एकाच जागी ती जास्त झाली की गाठ येते, तीही कधी कधी कित्येक महिन्यांनी. सुरुवातीच्या काळात द्रावण दाट वापरलं जाई, तेव्हा गाठी जास्त दिसत. द्रावण पातळ करणं, सुई योग्य खोलीवर नेणं, ओठ आणि पापण्या टाळणं, यांमुळे त्या बऱ्याच कमी झाल्या. लाभ आणि गाठी दोन्ही उशिरा येतात, म्हणून इंजेक्शन घेतलेल्यांना महिन्याभरात विचारलेल्या 'समाधानी आहात का?' या प्रश्नाच्या उत्तरावर मी फारसा विश्वास ठेवणार नाही. तोवर ना पूर्ण लाभ दिसलेला असतो, ना उशिराचा त्रास.

समाधान म्हणजे तरी काय? अमेरिकेत 2004 साली या औषधाला पहिली मंजुरी मिळाली ती एचआयव्हीबाधितांच्या खोल गेलेल्या गालांसाठी. चेहऱ्यावरून आजार ओळखू येऊ नये, ही त्यांची गरज होती. सुरकुत्यांसाठीची मंजुरी 2009 ची.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर सूज किंवा जखमेनंतर काळे डाग सहज उमटतात. केलॉइडची, म्हणजे जखमेचा व्रण फुगून वाढत जाण्याची, प्रवृत्ती असेल तर ते आधीच सांगायला हवं. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर हायल्युरोनिक ॲसिड विरघळवणारं एन्झाइम आहे, या कणांवर तसा उतारा नाही. असं क्वचितच घडतं, पण त्यासाठीच सुई कुणाच्या हातात आहे आणि त्या डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारावं. इंजेक्शननंतर त्वचा पांढरी पडली, असह्य दुखू लागलं किंवा दिसायला धूसर झालं, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावं.