पॅकेज इन्स्टॉलेशनमधील बिघाडशोध

पॅकेज मॅनेजरमार्फत (सॉफ्टवेअर आणून बसवणाऱ्या साधनामार्फत) बसवायची सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड, बसली नाही, तर त्याचे कारण शोधून ते दूर करण्याची पद्धत. डेबियनवरील आप्ट, पायथनचा पिप आणि जावास्क्रिप्टचा एनपीएम ही यातली परिचित साधने. त्यांचे काम ढोबळमानाने एकाच क्रमाने चालते: भांडारात (पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यात) नाव शोधायचे, जुळणारी व्हर्जन ठरवायची, फाइल डाउनलोड करून तपासायची, लागल्यास कंपाइल करायची (मशीनला चालवता येईल अशा रूपात आणायची) आणि मग जागेवर ठेवायची. गाडी यातल्या कुठल्या टप्प्यावर अडली, यावर उपाय ठरतो.

बहुतेकजण एरर मेसेजची फक्त शेवटची ओळ वाचतात आणि तिथेच फसतात. पिप दोनशे ओळी ओकून शेवटी एवढेच सांगतो, की अमुक कमांड अयशस्वी झाली. कारण असते बरेच वर, जिथे पहिली एरर आली तिथे, उदाहरणार्थ, ‘पायथन.एच’ ही हेडर फाइल (कंपाइल करताना लागणारी पूरक फाइल) सापडली नाही. पायथनची बरीच पॅकेजे ‘व्हील’ या तयार स्वरूपात मिळतात. पण पायथनची व्हर्जन अगदी नवी असेल किंवा प्रोसेसर वेगळा असेल, तर तयार व्हील नसते. मग पिप मूळ सोर्स कोड आणून तो आपल्याच मशीनवर कंपाइल करू पाहतो. कंपाइलर आणि हेडर फाइली बसवणे (डेबियनवर ‘पायथन३-डेव्ह’, फेडोरावर ‘पायथन३-डेव्हेल’) हा एक मार्ग. पायथनची थोडी जुनी व्हर्जन वापरणे हा दुसरा, आणि बहुधा कमी डोकेदुखीचा.

नाव न सापडणे ही साधी वाटणारी, पण जपून हाताळायची अडचण. प्रोग्राममध्ये ‘सीव्ही२’ लिहितात, पण पॅकेजचे नाव ‘ओपनसीव्ही-पायथन’ असते. अशा वेळी अंदाजाने नावे टाकून पाहू नयेत. प्रसिद्ध पॅकेजांशी मिळतीजुळती नावे घेऊन घातक कोड भांडारात ठेवला जातो, आणि तो इन्स्टॉल होतानाच चालू शकतो. आप्टला पॅकेज सापडत नसेल, तर बरेचदा यादीच शिळी झालेली असते. आधी ‘आप्ट अपडेट’ चालवावे.

खरी गुंतागुंत व्हर्जनच्या भांडणात आहे. एका पॅकेजला तिसऱ्याची २ च्या खालची व्हर्जन हवी, दुसऱ्याला २ च्या पुढची, आणि पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये (पॅकेजे बसवण्याच्या एका जागेत) सहसा एकच मावते. सर्वांच्या अटी पाळणारा संच शोधणे हे गणितीदृष्ट्या एनपी-कम्प्लीट, म्हणजे झटपट सोडवण्याची सर्वसाधारण रीत माहीत नसलेले, कोडे आहे. २०२० पूर्वी पिप पहिली अट पाळून पुढे जाई आणि विसंगत संच तसाच राहू शके. २०.३ व्हर्जनपासून तो मागे फिरून पर्याय तपासतो. त्यामुळे कधीकधी तो अडकल्यासारखा दिसतो. एनपीएमच्या ‘--फोर्स’सारख्या पर्यायांनी तक्रार गप्प होते, पण विसंगती तशीच राहते आणि प्रोग्राम चालताना डोके वर काढते.

दोष दर वेळी आपल्या मशीनचा नसतो. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे ११ ओळींचे पॅकेज लेखकाने एनपीएमवरून काढून घेतले आणि त्यावर प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांचे इन्स्टॉलेशन बंद पडले.

आप्टने लॉकची (एका वेळी एकच प्रक्रिया चालावी म्हणून घातलेल्या कुलपाची) तक्रार केली, तर पाठीमागे दुसरे अपडेट चालू असू शकते. थांबावे, लॉक फाइल उडवू नये, कारण दोन प्रक्रिया एकदम चालल्यास पॅकेजांची नोंदवही बिघडू शकते. परवानगी नाकारली म्हणून सुडोने (प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या कमांडने) पिप चालवणेही तसेच अंगाशी येते. २०२३ च्या डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये ढवळाढवळ करायला पिप सरळ नकार देतो. तो नकार डावलणाऱ्या पर्यायाचे नावच ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ आहे! अशा वेळी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सिस्टिमपासून वेगळी ठेवलेली पायथनची जागा, तयार करावे.

इन्स्टॉलेशन यशस्वी, पण इम्पोर्ट होत नाही (प्रोग्रामला पॅकेज सापडत नाही), असेही घडते. मशीनवर दोन पायथन असतात आणि पिप एकाचा, प्रोग्राम दुसऱ्याचा असतो. नुसते ‘पिप’ न लिहिता ‘पायथन -एम पिप’ अशी कमांड दिली, की पॅकेज त्याच पायथनमध्ये जाते.