जोर-बैठका वेगळ्या, डाव वेगळा: चिडवल्या जाणाऱ्या एलजीबीटी मुलांसाठीचे दोन गेम

वर्गात 'बायल्या' म्हणून छळल्या जाणाऱ्या मुलाला एखादा चांगला गेम खेळायला द्या, असं शिक्षकांना आणि समुपदेशकांना हल्ली सुचवलं जातं. मग 'रेनबो स्पार्क्स' आणि 'सिंग्युलॅरिटीज' ही दोन नावं एका दमात घेतली जातात. दोन्हींत खेळणारा स्वतःच एक पात्र होऊन फिरतो आणि दोन्ही एलजीबीटी मुलांसाठी तयार झालेत. पण त्यांची कामं निराळी आहेत.

'स्पार्क्स' हा निराशेवरचा, म्हणजे डिप्रेशनवरचा उपचार आहे. तो न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात सॅली मेरी यांच्या गटाने तयार केला. खेळात मनातले नकारात्मक विचार चिलटांच्या रूपात अंगावर येतात आणि खेळणाऱ्याने त्यांना ओळखून पाडायचं असतं. पाया सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणूक बदलून मनःस्थिती बदलण्याचा. 2012 मध्ये 12 ते 19 वयाच्या, निराशेसाठी मदत घ्यायला आलेल्या 187 मुलांवर चाचणी झाली. नेहमीच्या समुपदेशनापेक्षा गेम कमी पडला नाही. निराशेतून बाहेर आलेल्यांचं प्रमाण गेमच्या गटात 43.7 टक्के, तर दुसऱ्या गटात 26.4 टक्के होतं. एलजीबीटी मुलांच्या अनुभवांची भर घालून केलेल्या 'रेनबो' आवृत्तीची 2015 ची चाचणी मात्र फक्त 21 जणांवर झाली, तीही तुलनेला दुसरा गट न ठेवता. आशादायक आहे, पण तिच्या जोरावर मोठे दावे करू नयेत.

'सिंग्युलॅरिटीज' निराशेवर उपचार करत नाही. तो मदत कशी मागायची, ताण कसा हाताळायचा आणि इंटरनेटवर भरवशाचा आधार कुठे मिळतो, याचा सराव करून घेतो. अमेरिकेत 14 ते 18 वयाच्या, छळ सोसलेल्या 240 मुलांवर त्याची चाचणी झाली. एका गटाला मदतकेंद्रांची नुसती यादी दिली, दुसऱ्याला यादी आणि गेम. ऑनलाइन छळ आणि दारू-गांजाचं सेवन गेमच्या गटात कमी झालं. पण ज्यासाठी गेम काढला, ती मदत मागण्याची तयारी काही ठळकपणे वाढली नाही!

तालमीच्या भाषेत पहिला गेम म्हणजे जोर-बैठका आणि दुसरा म्हणजे डावाचा सराव. समोरचा नियम मोडून खेळत असेल तर त्याला रोखणं पंचाचं काम असतं. शाळेतला पंच म्हणजे मुख्याध्यापक, आणि ते काम कुठल्याही गेमवर ढकलता येत नाही.

निवड करताना आधी मुलाकडे पाहावं. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, झोप-भूक बिघडलेली, कशातच रस नाही, असं असेल तर पहिल्या जातीचा गेम, तोही समुपदेशकाच्या नजरेखाली. मूल एरवी बरं आहे पण त्रासाबद्दल कुणाशीच बोलत नाही, तर दुसऱ्या जातीचा. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर दोन्ही बाजूला ठेवून टेलिमानस या सरकारी मानसिक-आरोग्य मदतवाहिनीला 14416 वर फोन करावा किंवा थेट सरकारी रुग्णालय गाठावं, कोल्हापुरात असाल तर सीपीआर.

'स्पार्क्स'चे सात टप्पे आहेत, प्रत्येकी साधारण अर्ध्या तासाचे. आठवड्याला एक-दोनच करावेत. पोरं एका रविवारी सगळे उडवतात आणि मग फरक पडत नाही म्हणतात. प्रत्येक टप्प्यात शिकलेलं चार दिवस वापरून बघायचं असतं, ते राहूनच जातं.

दुसरी अडचण फोनची. घरात तो अनेकांच्या हातात फिरतो. इंद्रधनुष्याचं चिन्ह किंवा एखादी सूचना भावाने पाहिली की मुलाचं गुपित फुटलं. म्हणून शाळेच्या संगणकावर, हेडफोन लावून खेळू द्यावं. ॲपमध्ये नाव भरायला लावू नये. वैयक्तिक माहितीच्या 2023 च्या कायद्यात 18 खालच्यांची माहिती वापरायला पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि ती मागायला जाणं म्हणजेच घरी सांगणं.

मूळ गेम इंग्रजीत आहेत. मराठी करायचा झाला तर पुस्तकी संवाद चालणार नाहीत. "सर, मागच्या बाकावरची पोरं रोज बायल्या म्हणत्यात, तुम्हास्नी एकट्याला सांगायचं हाय", हे वाक्य तोंडातून निघेपर्यंत घोकायचं असतं.

आणि ते ऐकणारं माणूस आधी तयार हवं. दुसऱ्या जातीचा गेम देण्यापूर्वी शाळेतली किमान दोन मोठी माणसं ठरवावीत, मुलाला न विचारता घरी न सांगण्याची समज त्यांना द्यावी. लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सोनुसार, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, कळवणं बंधनकारक आहे, हेही मुलाला सुरुवातीलाच सांगावं. अठराखालच्यांसाठी 1098 ही मदतवाहिनी आहे. कॉलेजात असेल तर यूजीसीच्या 2016 च्या दुरुस्तीनुसार लैंगिक कलावरून छळणं हे रॅगिंगच ठरतं, आणि त्याची तक्रार 1800-180-5522 वर करता येते.