व्ही-डिस्क

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने केवळ आपल्या सैनिकांसाठी काढलेल्या ग्रामोफोन तबकड्या. १९४३ ते १९४९ या काळात अशा ८० लाखांहून अधिक तबकड्या परदेशांतील लष्करी तळांवर पोहोचल्या. ‘व्ही’ हे विजय या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर. या तबकड्या दुकानात कधीच विक्रीला आल्या नाहीत. युद्धकाळातील जॅझ आणि नृत्यसंगीत मूळ तबकडीवरून ऐकणाऱ्या संग्राहकांना त्यांच्याइतके मोलाचे दुसरे काही क्वचितच वाटते.

या तबकड्यांमागे एक संप आहे. जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखालील ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स’ या वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. रेडिओवर आणि ज्यूकबॉक्समध्ये, म्हणजे नाणे टाकून गाणे वाजवणाऱ्या यंत्रात, तबकड्या वाजू लागल्याने प्रत्यक्ष वादन करणाऱ्यांचा रोजगार बुडत होता आणि त्याचा मोबदला त्यांना मिळत नव्हता. डेक्का कंपनीने १९४३ च्या सप्टेंबरात तडजोड केली. आरसीए व्हिक्टर आणि कोलंबिया मात्र नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिल्या. या दोन वर्षांत वाद्यवृंद रोज वाजत होते, पण त्यांचे नवे वादन तबकडीवर फारसे उतरत नव्हते. लष्करातील अधिकारी रॉबर्ट व्हिन्सेंट यांच्या प्रयत्नांमुळे पेट्रिलो यांनी १९४३ मध्ये सैनिकांपुरती सूट मान्य केली. तबकड्या विकायच्या नाहीत आणि काम संपल्यावर त्या छापण्याचे साचे नष्ट करायचे, या अटींवर कलावंतांनी मानधन सोडले.

दुसरी अडचण कच्च्या मालाची होती, आणि ती थेट भारताशी जोडलेली आहे. तेव्हाच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या असत. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख मुख्यतः छोटा नागपूरच्या पट्ट्यातून जगभर जाई. युद्धाने सागरी वाहतूक विस्कळीत केली, लाख लष्करी उपयोगासाठी राखली गेली, आणि १९४२ मध्ये अमेरिकेने तबकड्यांसाठीच्या लाखेत मोठी कपात केली. जुन्या तबकड्या गोळा करून वितळवण्याच्या मोहिमाही निघाल्या; त्यात किती दुर्मीळ ध्वनिमुद्रणे गेली असतील, याची हळहळ आजही वाटते. लाखेची तबकडी बोटीतून जाताना सहज फुटतही असे. म्हणून व्ही-डिस्कसाठी बहुतांशी व्हिनाइलाइट हे न फुटणारे प्लॅस्टिक वापरले गेले.

तबकडीचा व्यास १२ इंच आणि गती ७८ फेऱ्यांचीच. सुई फिरते त्या रेघा मात्र एकमेकींच्या अगदी जवळ कोरल्यामुळे एका बाजूवर साडेसहा मिनिटांपर्यंतचे संगीत मावे. नेहमीच्या १० इंची तबकडीवर तीन मिनिटांत वादन आवरावे लागे. इथे एकल वादक मोकळेपणाने खुलतो, त्यामुळे जॅझच्या रसिकाला याचे अप्रूप आहे. स्वतंत्र ध्वनिमुद्रणांखेरीज रेडिओ कार्यक्रम, तालमी आणि मैफलीही त्यांवर उतरल्या. अनेकदा वादनाआधी कलावंत स्वतः सैनिकांना उद्देशून चार शब्द बोलतो. हे चार शब्द ऐकताना काळाचे अंतर जसे गळून पडते, तसे निव्वळ संगीताने पडत नाही. जॅझ पियानोवादक फॅट्स वॉलर यांनी १६ सप्टेंबर १९४३ रोजी या तबकड्यांसाठी पियानोवर केलेले वादन असेच ऐकावे. तीन महिन्यांनी, १५ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्याच तारखेला वाद्यवृंदप्रमुख ग्लेन मिलर विमानप्रवासात बेपत्ता झाले. त्यांच्या लष्करी वाद्यवृंदाचे वादनही व्ही-डिस्कवर आहे. शास्त्रीय संगीतात आर्तुरो तोस्कानिनी यांचे वाद्यवृंद-संचालनही सापडते. लष्कराच्या मालिकेत क्रमांक दिलेल्या ९०५ वेगवेगळ्या तबकड्या निघाल्या.

१९४९ मध्ये योजना बंद झाली आणि दिलेला शब्द पाळला गेला : साचे मोडले, साठे नष्ट केले. सैनिकांनी घरी आणलेल्या प्रतीही ठिकठिकाणी जप्त झाल्या. तरीही पुष्कळ तबकड्या पेट्यांच्या तळाशी, माळ्यांवर राहिल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयात त्यांचा संच जतन केला आहे. संघटनेची बाजू न्याय्य होती, असे मानूनही या तबकड्या लपवणाऱ्यांचे आभार मानावेसे वाटतात.

संग्राहकाने तबकडी विकत घेण्याआधी ती उजेडात तिरकी धरावी. चावीच्या ग्रामोफोनची जड पोलादी सुई व्हिनाइलाइटला खरवडते; लष्करी तळावर शेकडो वेळा वाजलेल्या तबकडीच्या रेघा राखाडी दिसतात आणि आवाजात खरखर येते. त्यामुळे जुन्या कर्ण्याच्या यंत्रावर ती वाजवण्याचा मोह टाळलेला बरा. ७८ ची गती आणि हलका टोन-आर्म (सुई धरणारा दांडा) असलेला टर्नटेबल घ्यावा, सुई ७८ च्या तबकड्यांसाठीचीच लावावी. एलपी या नंतरच्या, बारीक रेघांच्या तबकडीची बारीक सुई रेघेच्या तळाशी घासत जाते. काही प्रती लाखेच्याही असतात. अशा तबकडीला स्पिरिट लावले तर ती कायमची बिघडते, म्हणून धुण्याआधी द्रव्य ओळखून घ्यावे. ठेवताना तबकडी उभी ठेवावी, उन्हापासून दूर.