ट्रॅकवरील शिकाऊ चालकाची गटबढती

ट्रॅक डेला, म्हणजे हौशी चालक रेस ट्रॅकवर गाडी चालवतात त्या दिवशी, शिकाऊ चालकाला अनुभवानुसार पाडलेल्या गटांपैकी वरच्या गटात कधी घ्यायचे आणि प्रशिक्षकाविना एकट्याला कधी सोडायचे, हे ठरवण्याची पद्धत. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, म्हणून लॅप टाइम (एका फेरीला लागणारा वेळ) हा निकष धरत नाहीत. ताकदवान गाडी सरळ पट्ट्यात वेग काढते आणि वळणातल्या चुका झाकून टाकते. अशा चालकाला घाईने वर चढवणे सर्वांत धोक्याचे.

पहिल्या गटात प्रशिक्षक शेजारी बसतो. सत्र साधारण 20 ते 30 मिनिटांचे असते. ओव्हरटेक ठरलेल्या सरळ पट्ट्यांवरच करायचा, तोही पुढच्याने हात दाखवून साइड दिल्यावर. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागच्याला उजवीकडून जाऊ देताना हात खिडकीबाहेर सरळ काढतात, डावीकडून जाऊ देताना टपावरून डावीकडे दाखवतात. एक खूण एकाच गाडीसाठी. हात दाखवल्यावर ॲक्सिलरेटर थोडा सोडणेही आलेच, नाहीतर मागचा अर्ध्यात अडकतो.

बढतीआधी प्रशिक्षक सत्रभर गप्प बसतो. ब्रेक प्रत्येक लॅपला त्याच जागी, गाडी सरळ असतानाच लागतो का? न सांगता पिवळा झेंडा (पुढे धोका असल्याची खूण) दिसतो का? मागची गाडी आरशात वेळेवर दिसते का? सत्र संपल्यावर चालकाने आपली चूक स्वतः सांगितली, तर तो तयारीला आला असे समजावे. त्यानंतर दुसऱ्या प्रशिक्षकाने शेजारी बसून पुन्हा तपासणे चांगले, कारण पहिल्याला आपल्या शिष्याची सवय झालेली असते. दिवसाच्या शेवटच्या सत्रात, चालक थकलेला असताना, बढती देऊ नये.

एकट्याला सोडण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या हव्यात. वळणातून निघताना बाहेरची चाके मातीत गेली, तर स्टिअरिंग सरळ धरून, वेग कमी करून हळूहळू परत यायचे. घाबरून झटका दिला की पुढचे टायर डांबरावर एकदम पकड घेतात आणि गाडी ट्रॅक ओलांडून पलीकडे फेकली जाते. स्पिन झालीच, म्हणजे गाडी स्वतःभोवती फिरलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरायचे.

कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकमुळे अनेकांची सुरुवात कार्टिंगने (छोट्या, उघड्या रेसिंग गाड्या चालवण्याने) होते; राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्याही येथे झाल्या आहेत. कार्टमध्ये सीट एकच, त्यामुळे प्रशिक्षक कडेला उभा राहून पाहतो आणि कानही देतो: वळणातून बाहेर पडताना इंजिनाचा आवाज सलग चढला पाहिजे. तो तुटत असेल, तर चालक वळणात फार वेगाने शिरतो आहे. बहुतेक कार्टना ब्रेक मागच्या ॲक्सलवरच असतो, म्हणून वळणात जोरात दाबला की मागची बाजू सुटते. कार्टमधून कारमध्ये येणाऱ्याची नजर आणि लाइन (वळणातून गाडी नेण्याचा मार्ग) चांगली असते. पण गाडीच्या वजनाची हालचाल आणि गिअर नवे असतात, शिवाय आतून घुसण्याची शर्यतीतली सवय मोडावी लागते. म्हणून त्यालाही पहिल्याच गटात बसवावे.

कोरड्यात मिळालेली बढती पावसात गृहीत धरू नये. टायरचे रबर बसलेली नेहमीची लाइन ओली झाली की निसरडी होते, म्हणून पहिल्या ओल्या सत्रात प्रशिक्षक पुन्हा शेजारी हवा. झेंडा चुकला किंवा खूण नसताना ओव्हरटेक केला, तर गट त्याच दिवशी खाली आणावा.