निवडुंग रात्री ऑक्सिजन सोडत नाही

‘बेडरूममध्ये निवडुंगाची कुंडी ठेवा, रात्रभर ऑक्सिजन मिळेल’ असा संदेश पुन्हा फिरतो आहे. दावा चुकीचा आहे. पण ज्या खऱ्या गोष्टीची मोडतोड होऊन तो तयार झाला, ती फार सुंदर आहे, आणि ती समजून घ्यायची तर अँडीज पर्वताच्या दऱ्यांतला कार्दोन हा निवडुंग बघावा.

वायव्य अर्जेंटिनातल्या साल्ता आणि हुहुय प्रांतांत, दोन ते साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या कोरड्या दऱ्यांमध्ये हा वाढतो. शास्त्रीय नाव ल्युकोस्टेले अटाकामेन्सिस. जाड खोड, मोजक्या फांद्या, उंची आठ-दहा मीटरपर्यंत, आणि आत चक्क लाकूड. बोलिव्हियात उयुनीच्या अफाट मिठागरातल्या इंकावासी बेटावरही तो उभा आहे. या भागात दिवसा ऊन भाजून काढतं आणि सूर्य मावळला की पारा झरझर उतरतो. कार्दोनचं सगळं गणित या उतरत्या पाऱ्यावर बेतलेलं आहे.

प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड हवा, तो पर्णरंध्रांतून आत येतो. (कार्दोनला पानं नाहीत, त्यामुळे रंध्रं हिरव्या खोडावर असतात.) पण रंध्र उघडलं की आतली वाफ बाहेर पडते. खोडाच्या आतली हवा बाष्पाने संपृक्त असते. ३० अंश सेल्सिअसला अशा एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं, ५ अंशांना जेमतेम ७ ग्रॅम. बाहेरच्या हवेत ४ ग्रॅम आहे असं धरू. आतबाहेरचा फरक दुपारी २६ ग्रॅम, रात्री फक्त ३. पाणी बाहेर ओढलं जातं ते या फरकामुळेच. म्हणजे तेच रंध्र रात्री उघडलं, तर नुकसान आठ-नऊ पटींनी कमी!

म्हणून कार्दोन रात्री रंध्रं उघडतो. पण तेव्हा प्रकाश नसतो, मग कार्बन डायऑक्साइडचं करायचं काय? इथे पेप कार्बोक्झिलेज हे विकर (एन्झाइम) कामाला येतं. बायकार्बोनेटच्या रूपातला हा कार्बन ते तीन कार्बनच्या एका रेणूला जोडतं. त्यातून चार कार्बनचं ऑक्झॅलोअॅसिटेट, त्यापासून मॅलेट बनतं आणि मॅलिक आम्लाच्या रूपात पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे तिच्या आतल्या साठवणीच्या पिशवीत, साठत जातं. रिक्तिका किती मोठी, यावर रात्रीची कमाई ठरते. कॅक्टसच्या पेशी टपोऱ्या असतात त्या काही फक्त पाण्यासाठी नव्हे. सकाळी रंध्रं मिटतात, आम्ल बाहेर येऊन फुटतं, आणि बंद खोडात कार्बन डायऑक्साइडची दाटी होते. या दाटीत, साखरेसाठी कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर ऑक्सिजनशी नको ती गाठ फारशी बांधत नाही, साखर बनवण्याचं काम चोख होतं. ही पद्धत घायपात आणि अननसाकडेही आहे.

तिची चव आपल्याकडेच नोंदली गेली होती. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीची पानं चाखली: पहाटे चुक्यासारखी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. त्याचं पत्र १८१५ साली छापलं गेलं. रसायनाचा उलगडा व्हायला पुढे शतकाहून जास्त काळ लागला.

आता ऑक्सिजन. तो पाण्याचा रेणू फुटून मिळतो आणि त्याला प्रकाश लागतो. रात्री निवडुंग श्वसनासाठी ऑक्सिजन घेतोच. कार्बन डायऑक्साइड शोषतो हे खरं, पण शोषलेला कार्बन शेवटी वाढीत दिसायला हवा. माणूस दिवसभरात साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, कुंडीतला निवडुंग वर्षभरात कितीसा वाढतो? काटेरी झाड घरात अशुभ म्हणणाऱ्या वास्तुवाल्यांकडे जसा पुरावा नाही, तसा या संदेशाकडेही नाही. आवडतो म्हणून निवडुंग जरूर लावा.

कार्दोनची वाढही फार सावकाश होते. रोप कोवळं असताना बहुधा एखाद्या झुडपाच्या सावलीतच तगतं. इतक्या संथपणे जमलेलं लाकूड वजनाला हलकं आणि भोकाभोकांचं असतं. या दऱ्यांत इमारतीसाठी दुसरी झाडं मोजकीच, त्यामुळे दारं, छपरं, फर्निचर सगळं त्याचंच. काची गावच्या चर्चचं छतही कार्दोनच्या लाकडाचं आहे. काचीजवळच १९९६ साली लोस कार्दोनेस हे राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं, आणि तिथे हे निवडुंग आता राखले जातात.